पदार्थाला नाही म्हण, बोलावण्याला नको

मावशी,

मी मूळची सांगलीची. दीड वर्षापासून मलेशियात, पेटालिंग जयामध्ये राहते, सायबरजयातल्या एका कंपनीत नोकरी करते. टीममध्ये बारा माणसं आहेत. मलय, चिनी, तमिळ सगळे आहेत, मराठी मी एकटीच. मी शाकाहारी आहे, अंडंसुद्धा खात नाही. नवरा बाहेर सगळं खातो, त्याला कसले प्रश्न पडत नाहीत.

मागच्या हारी रायाला, म्हणजे तिकडच्या ईदला, शेजारच्या टेबलावरच्या मलय मैत्रिणीनं घरी ओपन हाउसला बोलावलं. सणाला असं घर सगळ्यांसाठी उघडं असतं. तिथे बीफ असणार, म्हणून मी आदल्या रात्री 'बरं वाटत नाहीये' असा मेसेज करून टाकला. सोमवारी तिनं माझ्यासाठी अननसाच्या बिस्किटांची बरणी आणली. त्यात अंडं, म्हणून ती नवऱ्यानं संपवली. बरणी अजून ओट्यावर आहे.

यंदा चिनी नववर्षाच्या टीम लंचला एका मोठ्या ताटात कच्चा मासा घातलेली कोशिंबीर आली. सगळे उभे राहून चॉपस्टिक्सनी ती उधळायला लागले आणि मी मागे सरून भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. आमची टीम लीड चिनी आहे. ती काही म्हणाली नाही, पण दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. आता रमजानातल्या टीमच्या इफ्तारची यादी करताना मैत्रीण म्हणाली, "तू येत नसशीलच ना?" रागानं म्हणाली असती तर इतकं लागलं नसतं.

दिवाळीत सासूबाई येणार आहेत. नवरा म्हणतो, आपणही ओपन हाउस करू. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "ते लोक आपल्या ताटांत जेवणार?" आणि इकडे ऑफिसात एकानं सहज विचारलं, "तुझ्या घरचं आम्हाला चालेल ना?" मी दोन्हीकडून अडकले आहे. काय करू?

— ओट्यावरची बरणी, पेटालिंग जया

प्रिय बरणी,

तू मावशी म्हटलंस, म्हणून मीही अगंतुगंच करते. १९९५ ते २००६ अशी अकरा वर्षं मी क्वालालंपूरला काढली. तुझ्या पत्रातली ती भिंत मला चांगली माहीत आहे, मीही तिला टेकून उभी राहिलेली आहे.

आधी ते 'बरं वाटत नाहीये' काढू. तुझ्या अख्ख्या पत्रात चुकलेली गोष्ट मला एवढीच दिसते. तू बीफ खात नाहीस, मासा खात नाहीस, अंडं खात नाहीस, याचं मलेशियात कुणालाही नवल नाही. त्या देशात प्रत्येक जण काही ना काही खात नाहीच. मुसलमानाला डुक्कर आणि दारू वर्ज्य. तमिळ हिंदू बहुतेक बीफ खात नाहीत. आणि हे तुला कुणी सांगितलं नसेल, पण चिनी बौद्ध घरांतही पुष्कळ जण बीफ खात नाहीत, क्वान यिन देवीची भक्ती करतात म्हणून. ऑफिसच्या जेवणात नीट बघ, सगळ्यांना चालावं म्हणून कोंबडी आणि मासाच पुढे केलेला असतो. आमचे हे म्हणायचे, कोंबडी ही मलेशियाची सर्वधर्मीय भाजी आहे.

जिथे 'मी हे खात नाही' हे वाक्य सकाळ-संध्याकाळ कुणी ना कुणी बोलत असतं, तिथे तेवढंच बोलायचं सोडून तू आजारी पडलीस. त्या पोरीनं तुझ्यावर विश्वास ठेवला आणि बरणी घेऊन आली. पण रायाची ओपन हाउस एका दिवसात आटपत नाहीत गं. रमजाननंतरचा शव्वालचा अख्खा महिना शनिवार-रविवारी कुणाकडे ना कुणाकडे चालूच असतं. तू मंगळवारी ठणठणीत होतीस आणि पुढचे तीन आठवडे गेली नाहीस. त्यातून तिनं काय समजायचं? हिला आमच्या घरचं अन्न नको, किंवा आमचं घरच नको. दोन्हींतलं दुसरं जास्त लागतं. "तू येत नसशीलच ना?" हा टोमणा नव्हता. तुला पुन्हा खोटं बोलावं लागू नये, म्हणून तिनंच तुला वाट काढून दिली.

माझी पहिली राया क्लांगला झाली, यांच्या ऑफिसातल्या एकांच्या घरी. मी मांसमच्छी खाते, बीफ तेवढं नाही. टेबलावर एका भांड्यात गडद तपकिरी, खोबऱ्यात आटवलेलं काहीतरी होतं. वास थेट आपल्या सुक्या मटणासारखा, गवती चहाचा वास वेगळा येत होता तेवढाच. मी डाव भरला. तेवढ्यात यजमानांच्या आई, सत्तरीच्या असतील, अंगातला लांब मलय पोशाख, बाजू कुरुंग, सावरत स्वयंपाकघरातून जवळजवळ धावतच आल्या आणि माझा हात धरला. "इनी दागिंग! लेंबू! लेंबू!" मला मलय येत नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं डोक्याला लावून शिंगं करून दाखवली. खोलीभर हसू पिकलं. माझ्या धर्माची काळजी त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त होती. मग त्यांनी स्वतःच्या हातानं ताटलीत लेमांग, म्हणजे बांबूत शिजवलेला भात, वाढलं आणि दोदोलचा एक काळाभोर तुकडा ठेवला. तो तोंडात टाकला आणि मी उडालेच. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. नाताळात गोव्याकडच्या शेजाऱ्यांकडून यायचा तोच हा दोदोल, तोच तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या रसाचा आणि गुळाचा तुपकट गोळा. मलय घरांत तो चिकट तांदळाचा करतात आणि मोठ्या कढईत तासन्‌तास घोटतात.

ही गोष्ट सांगते आहे, कारण त्या दिवशी मला एक शब्द कळला आणि तो तुझ्या फार उपयोगाचा आहे. 'दागिंग' म्हणजे मांस असं पुस्तकात असतं. बोलण्यात मात्र दागिंग म्हणजे बहुतेक वेळा बीफच. म्हणून तू तिथे "साया ताक माकान दागिंग", मी दागिंग खात नाही, म्हणालीस, तर समोरचा मान डोलावेल आणि मोठ्या प्रेमानं कोंबडी वाढेल. नुसतं 'सायुर' मागितलंस तर भाजी येईल, पण तिच्यात बेलाचान असेल, म्हणजे आंबवून वाळवलेल्या कोळंबीचा गोळा. कांगकुंगची हिरवीगार भाजी बघून फसलेल्या किती मराठी बायका मला माहीत आहेत! नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधातला भात, त्याच्यासोबतच्या तिखट सांबालात सुकी मासळी असते, लोदेहच्या रश्शातही पुष्कळदा सुका जवळा पडतो. तेव्हा यादीच म्हणायची: "साया वेजिटेरियन. ताक माकान आयाम, इकान, उदांग, तलुर, बेलाचान." कोंबडी, मासा, कोळंबी, अंडं, बेलाचान. सुरुवातीला उद्धट वाटेल. तिथे ते उद्धट नाही, यजमानाचं काम सोपं होतं.

आणि हे बोलावण्याच्या वेळी सांगायचं, ताट पुढे आल्यावर नाही.

आता ओपन हाउसमध्ये जाऊन तू खाणार काय? उपाशी राहत नाही कुणी. केतुपात म्हणजे माडाच्या झावळीच्या विणलेल्या पुडीत दाबून शिजवलेला भात. लेमांग म्हणजे केळीचं पान लावलेल्या बांबूत नारळाच्या दुधात विस्तवावर शिजवलेला चिकट भात. दोन्हींत मांसाचा संबंध नाही. सोबतची शेंगदाण्याची चटणी विचारून घे, कधी त्यात जवळा असतो. कुइह माकमुर ही तूप, मैदा आणि शेंगदाण्याच्या सारणाची पिठीसाखरेत घोळवलेली मिठाई. आपल्या नानकटाईची चुलत बहीण म्हण, आणि बहुधा बिनअंड्याची. रंगीत जेली दिसली की आपण जिलेटिन समजून हात मागे घेतो. तिथे ती पुष्कळदा आगर-आगरची, समुद्री शेवाळाची असते. केळ्याचे वेफर्स असतातच. आणि गंमत म्हणजे मलय घरातल्या रायाच्या टेबलावर हल्ली हटकून मुरुक्कू असतो. तमिळांचा मुरुक्कू सगळ्या सणांत सगळ्यांच्या बरण्यांत जाऊन बसला आहे. प्यायला सिराप बांदुंग, म्हणजे गुलाबाचं सरबत दुधात. गुलाबी रंग बघून घाबरू नकोस, गोड मात्र बेताचं नसतं.

टेबलावर रेंदांगचं, म्हणजे त्या खोबऱ्यात आटवलेल्या बीफचं भांडं असेल. त्याच्या शेजारी उभं राहणं तुला जमेल का, हे तुझं तू ठरव. मला जमलं. माझ्या एका मैत्रिणीला जमायचं नाही, ती अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि तिथेच तिच्याभोवती गप्पांचा फड जमायचा. कुणी तिला कधी आत ओढलं नाही.

'जामाह सिकित' असा तिथे एक शब्दप्रयोग आहे, म्हणजे नुसती चव घे, घासभर तरी घे. आपल्याकडे 'घोटभर पाणी तरी घ्या' म्हणतात ना, तसंच. घरात पाऊल टाकलं आणि काहीच तोंडात घातलं नाही, तर यजमानीण अस्वस्थ होते. म्हणून एक खजूर, एक वेफर, अर्धा पेला बांदुंग, काहीही घे, पण घे. उजव्या हातानं. आणि जास्त बसू नकोस. आपण जेवणाचं बोलावणं म्हटलं की पंगत डोळ्यांसमोर आणतो, सगळे येईपर्यंत थांबायचं, आग्रह, मग विडा. हे तसलं नाही. घरच्या गणपतीच्या दर्शनाला आपण जातो ना, चप्पल बाहेर, दोन मिनिटं नमस्कार, प्रसाद, 'मूर्ती छान आहे हो', चहा, की पुढच्या घरी? अगदी तस्सं. लोक एका दिवसात चार घरं करतात. पंचवीस मिनिटं बसून उठलीस तर कुणी वाईट वाटून घेत नाही. निघताना यजमानीण पिशवी भरायला लागेल, त्याला 'तापाउ' म्हणतात. तो शब्द चिनी आहे आणि वापरतात सगळे. जाताना तू फळं घेऊन जा. मिठाईत काय आहे याची चौकशी दोन्ही बाजूंनी करावी लागते, संत्र्याची करावी लागत नाही.

तुझ्या टीम लीडबद्दल. ती दिवसभर गप्प होती ती कदाचित लंचनंतर तिच्या पुढ्यात कामाचा ढीग होता म्हणूनही असेल. पण आपण वाईट धरूनच चालू.

ते ताट म्हणजे यी सांग. गाजर, मुळा, काकडीचे लांब कीस, शेंगदाणे, तीळ, कुरकुरीत पापड्या, आलुबुखाराचा गोड रस आणि वर कच्च्या माशाचे काप. मलेशिया आणि सिंगापूर यांच्यात हे नेमकं कुणाचं यावरून वाद आहे, मिसळ कुणाची यावर आपल्याकडे असतो तितकाच मिटण्यासारखा. चिनीत माशाचा उच्चार आणि सुबत्तेचा उच्चार सारखा, म्हणून मासा. सगळ्यांनी मिळून चॉपस्टिक्सनी जितकं उंच उधळावं तितकी वर्षभराची भरभराट, आणि उधळताना मोठमोठ्यानं शुभेच्छा ओरडायच्या. टेबलावर किती सांडलं याची लाज नाही, अभिमान असतो. खाणं त्यात दुय्यम आहे. म्हणजे तू मासा टाळलास याचं तिला काही वाटलं नसेल. तू भरभराट उधळायच्या क्षणी मागे सरलीस, संक्रांतीला कुणी तिळगूळ पुढे करावा आणि आपण हात पाठीमागे न्यावा तशी. तुला ते माहीत नव्हतं. मग तेच तिला सांग. "मला कच्च्या माशाची धास्ती वाटली, मला कळलं नाही की नुसतं उधळलं तरी चालतं. पुढच्या वर्षी बिनमाशाचं एक ताट मागवूया का?" बिनमाशाचं यी सांग मिळतं, आणि मासा वेगळ्या बशीत आणून द्या म्हटलं तरी पुष्कळ ठिकाणी देतात.

तिला शाकाहार समजावून सांगावा लागेल असं समजू नकोस. कितीतरी चिनी बौद्ध घरांत चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस शिजत नाही, काही जण नववर्षाच्या पहिल्या दिवशीही पाळतात. त्यांच्या नवव्या महिन्यात नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो, नऊ दिवस कडक शाकाहार, खाण्याच्या गाड्यांवर पिवळे झेंडे. पुष्कळदा तो आपल्या नवरात्राबरोबरच येतो. २०२३ आणि २०२४ मध्ये तर घटस्थापना आणि त्यांचा पहिला दिवस एकच होता. त्या नऊ दिवसांत तू टीम लीडला जेवायला घेऊन जा. आंपांगला या देवांचं देऊळ आहे, त्याच्या आसपास तुला खाता येणार नाही असा पदार्थ शोधावा लागेल. फक्त एक आहे, तिथल्या शाकाहारी हॉटेलात सोयाची बदकं आणि कोळंब्या इतक्या हुबेहूब करतात की पहिल्यांदा मी वेटरला तीनदा विचारलं होतं.

इफ्तारला जा. यादी अजून बंद झाली नसेल, हे वाचून होताच जा आणि तिला विचार, "बोलेह साया दातांग?" मी येऊ का? त्याच दमात ती तुझी यादी म्हण. रोजा नसला तरी इफ्तारला बसता येतं. तिकडे संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला अजान होते, त्याआधी ताटं भरून समोर ठेवलेली असतात आणि कुणी हात लावत नाही. तूही लावू नकोस, तो दहा मिनिटांचा शुकशुकाट फार सुंदर असतो. मग आधी खजूर आणि पाणी. खजूर तर तुला चालतोच ना? बुबुर लांबुक नावाची पेज वाटतात, ती मात्र मांसाची किंवा जवळ्याची असते, ती नको म्हण. दिवसा ऑफिसात तू जेवलीस तर कुणाची हरकत नसते, फक्त तिच्या टेबलाशेजारी डबा उघडून फोडणीचा वास सोडू नकोस.

आणि रायाला तिच्या घरी गेलीस की जे बोलतात ते तुझ्यासाठीच बनवल्यासारखं आहे. "सलामत हारी राया, माआफ जाहिर दान बातिन." जाहिर म्हणजे दिसलेलं, बातिन म्हणजे मनातलं. वर्षभरात दिसून आणि न दिसून जे चुकलं असेल त्याची माफी. सांगली-कोल्हापूरकडे जैन शेजारी पर्युषण संपल्यावर क्षमा मागायला दारात येतात, ते तू लहानपणापासून पाहिलं असशील. तो 'बरं नाही'चा मेसेज त्या एका वाक्यात मिटतो. मिटला नाही तर हसत सांगून टाक की तेव्हा मी आजारी नव्हते, रेंदांगला घाबरले होते. मी सांगितलं असतं.

आता दिवाळी आणि सासूबाई.

त्यांचं वाक्य आणि ऑफिसातल्या त्या माणसाचं वाक्य शेजारीशेजारी ठेवून बघ. "ते लोक आपल्या ताटांत जेवणार?" "तुझ्या घरचं आम्हाला चालेल ना?" एकाच प्रश्नाची दोन तोंडं आहेत ही. सासूबाईंना वाटतं आपली भांडी त्यांच्यामुळे बाटतील, त्याला वाटतं तुझ्या भांड्यात आधी काय शिजलं असेल कोण जाणे. दोघंही तुझा अपमान करत नाहीयेत, दोघं आपापलं सोवळं सांभाळताहेत. आणि दोघांना एकच उत्तर पुरतं: केळीचं पान. तिथे बाजारात गड्ड्यानं मिळतं, आणि पानावर जेवणं मलय, चिनी, तमिळ सगळ्यांना आवडतं. सासूबाईंना पान म्हणजे सणाचं वाटेल, त्याला पान म्हणजे कोरं वाटेल. पेले कागदी. घरातली ताटं कपाटात राहू देत. सासूबाईंशी यावर वाद घालू नकोस. 'ते लोक' म्हणजे कोण, ते त्या दिवशी दारात येऊन त्यांना वाकून नमस्कार करतील तेव्हा त्यांचं त्यांना कळेल. मलय मुलं मोठ्यांचा हात कपाळाला लावतात. माझ्या सासूबाई त्यावरच पाघळल्या होत्या. पण परवानगी मागू नकोस, आत्तापासून सांगून ठेव. विमानात बसायच्या आधी माहीत असलेली गोष्ट माणूस पचवतो.

हलालचं म्हणशील तर तुझं घर शाकाहारी असल्यानं तू अर्धी लढाई जिंकलेलीच आहेस. एवढं लक्षात ठेव की 'आमच्याकडे डुक्कर नसतं' म्हणजे आपोआप हलाल असं तिथे कुणी धरत नाही. तेल, मैदा, तूप यांच्या पुड्यांवर जाकिमचा, म्हणजे तिथल्या सरकारी इस्लामी खात्याचा, हलाल शिक्का बघून घे, तिथल्या दुकानात तो बहुतेकांवर असतोच. केकात किंवा आइस्क्रीममध्ये दारूचा इसेन्स नको. नवऱ्याच्या मित्रांसाठी फ्रीजमध्ये बिअर असेल तर त्या दिवशी ती घरात नको, टेबलावर तर नकोच. नवऱ्याला कोंबडीच हवी असेल तर हलाल प्रमाणपत्र असलेल्या केटररकडून मागवायची आणि त्याचे डबे तसेच दिसतील असे ठेवायचे. एवढं करूनही एखादा जण फळं आणि बाटलीबंद सरबतच घेईल. घेऊ दे. तू त्याच्या घरी तेच करणार आहेस.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं: प्रसाद. देवाला दाखवलेला नैवेद्य मुसलमान पाहुणे सहसा खात नाहीत. आपण भाबडेपणानं आधी देवापुढे ठेवून मगच सगळ्या फराळाचे डबे भरतो. पहिल्या वर्षी मी लाडूंबद्दल कौतुकानं "प्रसाद आहे" असं सांगितलं, आणि समोरच्या बाईनं तो लाडू इतक्या हळुवारपणे बशीत परत ठेवला की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा नैवेद्याचा फराळ वेगळा काढ, पाहुण्यांचा वेगळा, आणि कुणी विचारलं तर खरं ते सांग.

बेत काय? पनीर बटर मसाला करू नकोस, तो त्यांना प्रत्येक हॉटेलात मिळतो. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची पिवळी भाजी, कोथिंबीर वडी, श्रीखंड. तिखटाला घाबरू नकोस, सांबालावर वाढलेली माणसं आहेत ती. साबुदाण्याची खिचडी जरूर कर. साबुदाणा म्हणजे त्यांच्या लेखी सागो, आणि तो गुळाच्या पाकात आणि नारळाच्या दुधात गोडच खायचा, असं त्यांना पक्कं वाटतं. मिरची-दाण्याचं कूट घातलेला सागो बघून त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. आणि दिवाळी असली तरी थोडे उकडीचे मोदक कर. सासूबाई भुवया उंचावतील. पण त्यांचा कुइह कोची म्हणजे केळीच्या पानात उकडलेली, आत ओलं खोबरं नि गूळ भरलेली पारीच असते. तुझी मैत्रीण मोदक फोडून बघेल आणि ओरडेल, हे मी लिहून देते. फराळात चकली ठेवशील, तिला सगळे मुरुक्कूच म्हणणार. तिथे भांडू नकोस. माझी अकरा वर्षं गेली त्यात.

किती करायचं? आपण तीस माणसं म्हटलं की तीस पोटभर जेवणं मोजतो. चार घरं करणारा माणूस तुझ्याकडे ताटभर जेवत नाही. वीस जणांचं कर, तीस जणांना पुरून तापाउलाही उरेल. दुपारी बारा ते पाच अशी वेळ दे. लोक लाटेसारखे येतील, म्हणून पुऱ्या एकदम तळून ठेवू नकोस. टीमच्या तमिळ सहकाऱ्याला आधीच विचार, कारण त्यांची दीपावली नरकचतुर्दशीची. पहाटे तेल लावून न्हाणं त्यांच्याकडेही असतं. यंदा, २०२६ मध्ये, ती ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. तो दिवस त्याच्या घरचा, त्या दिवशी तूच त्याच्याकडे जा आणि येताना क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्समध्ये, त्या भारतीय वस्तीत, सासूबाईंना फुलं आणि तांदळाच्या रांगोळ्या, कोलम, दाखव. तुझं ओपन हाउस पुढच्या शनिवारी ठेव. सण उलटल्यावर कसलं बोलावणं, असं तिथे कुणी म्हणत नाही.

पाकिटांची तयारी मात्र सासूबाईंकडून करून घे. मुलं आली की त्यांच्या हातात पाच-दहा रिंगिटचं पाकीट द्यायचं असतं. चिनी लाल देतात, मलय बहुधा हिरवी, दीपावलीला जांभळी किंवा पिवळी मिळतात. फक्त आपलं अकरा, एकवीस, एक्कावन्न तिथे चालवू नकोस. चिनी घरातल्या मुलाला सम आकडा द्यायचा, त्यातही चार नको, कारण चारचा उच्चार मृत्यूसारखा. वरचा एक रुपया का द्यायचा नाही, हे सासूबाईंना समजावण्यात तुझी एक संध्याकाळ जाईल. जाऊ दे.

मी तिथे होते तेव्हा राया आधी चिनी नववर्षाशी आणि मग काही वर्षांनी दिवाळीशी जुळून आली होती. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून राया दर वर्षी मागे सरकत जाते आणि तेहेतीसेक वर्षांनी फिरून तिथेच येते. लोकांनी लगेच नावं पाडली, 'कोंगसी राया' आणि 'दीपाराया'. गोंग शी फा चाय ही चिनी नववर्षाची शुभेच्छा, ती आणि राया मिळून कोंगसी राया, आणि मलयमध्ये कोंगसी म्हणजे वाटून घेणं. त्या वर्षांत एकाच आठवड्यात मी इतकं खाल्लं की ब्लाउज उसवावे लागले. २०२९ च्या फेब्रुवारीत चिनी नववर्षाचा तो योग पुन्हा येतो आहे, तोवर तू तिथेच असशील तर मला बोलाव.

आता ती बरणी. लाल झाकणाची, पारदर्शक प्लास्टिकची ना? तशा बरण्या तिथे रायाला घरोघर फिरतात. तुझ्या आईनं शेजारणीचा डबा कधी रिकामा परत पाठवला होता का? घासून, कोरडी करून तिच्यात पातळ पोह्यांचा चिवडा भर. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, साखर जरा कमी. झाकणावर चिठ्ठी चिकटव, काय काय घातलं आहे ते लिही आणि खाली लिही 'बुकान प्रसाद', हा प्रसाद नाही. सोमवारी सकाळी तिच्या टेबलावर ठेव. रोजा असेल, ती लगेच उघडणार नाही, घरी घेऊन जाईल.